आलुबुखार आणि खसखस, एलएलसी

आर्डिस कोझिशेकनं आयुष्यात नवऱ्यापासून दोनच गोष्टी लपवल्या. पहिली म्हणजे त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाची बंदूक, ती त्यानं दुसऱ्याच दिवशी कपाटामागून शोधून काढली. दुसरी म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, जिला एलएलसी म्हणतात. ही लपवायला सोपी जाईल असं तिला वाटलं होतं. कंपनीला लांबी-रुंदी नसते, आणि कपाटामागून तिची नळी बाहेर डोकावत नाही. पण बाईला कायदा ठाऊक नव्हता, तिथंच सगळं फसलं.

एकतीस वर्षं ती लिपोव्हाच्या, म्हणजे आमच्या चेक वस्तीच्या गावातल्या, शाळेत स्वयंपाक करत होती. मग शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली, आणि बासष्टाव्या वर्षी आर्डिस घरी बसली. बसली म्हणजे काय, बसलीच नाही. रोज पहाटे उठून कोलाचे, म्हणजे मधल्या खळग्यात गोड सारण भरलेले चेक पाव, भाजायची. आलुबुखाराचे, खसखशीचे, जर्दाळूचे, चीजचे. फ्रीझर भरला, मग गॅरेजमधला भरला, मग तिनं बर्निसच्या फ्रीझरवर डोळा ठेवला. बर्निस म्हणजे तिची नणंद, मायलोची थोरली बहीण, चर्चच्या महिला मंडळाची बावीस वर्षांची अध्यक्ष. तिच्या फ्रीझरला हात लावायची गावात कुणाची छाती नव्हती.

"आर्डिस, आपण दोघंच राहतो," मायलो एकदा म्हणाला. "मी काही रेजिमेंट नाही."

"तुला आवडत नाहीत का?"

"आवडतात गं. पण पँटची बटणं काय म्हणतात ते बघ."

अशात एक दिवस लव्होननं विषय काढला. लव्होन श्टास्तनी म्हणजे 'लिपोव्हा लीडर' या आमच्या साप्ताहिकाची संपादक, वार्ताहर, छायाचित्रकार, आणि सोमवारी झाडूवालीसुद्धा. तिच्या कचेरीला लागून एक खोली आहे. तिथं पूर्वी न्हाव्याचं दुकान होतं, आता नुसता आरसा आणि धूळ. "घे ती खोली," ती म्हणाली. "भट्टी टाक. शनिवारी लिंकन शहरातून गाड्या भरून लोक तलावावर जातात. त्यांना कोलाच देणारं इथं कुणी नाही. मला भाडं, तुला धंदा, आणि मायलोच्या बटणांची सुटका."

आर्डिसपुढं प्रश्न उभा राहिला. धंद्याचा नव्हे, मायलोचा.

ती गोष्ट सांगायलाच पाहिजे. पंच्याऐंशी साली मायलोचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं, वडिलांनी उभं केलेलं. त्या साली सगळ्या मुलखात शेती बसली, शेतकऱ्यांचे हात रिकामे झाले, आणि दुकानाच्या कर्जाला मायलोनं आपलं राहतं घर तारण लावलं होतं. दुकान गेलं, आणि त्याच्यामागून घरही. त्या लिलावाची सूचना 'लीडर'मध्ये शेवटच्या पानावर, कायदेशीर सूचनांच्या रकान्यात, लागोपाठ पाच आठवडे छापून आली. मायलो जे. कोझिशेक आणि आर्डिस एम. कोझिशेक, पती-पत्नी. पाच गुरुवार गावातली माणसं मायलोशी हवापाण्याबद्दल बोलली. घरी मात्र एकही माणूस आला नाही. लोक वाईट नव्हते. येऊन बोलायचं काय, हेच कुणाला सुचेना.

पुढं तीस वर्षं मायलोनं काउंटीचा ग्रेडर चालवला, रस्ते सपाट केले, निवृत्त झाला. दुसरं छोटं घर घेतलं, फेडलं. पण 'लीडर' तो आजही शेवटच्या पानापासून वाचतो. आधी सूचना, मग बाकीचं जग. लिलावाच्या सूचनेत ओळखीचं नाव दिसलं की संध्याकाळी हत्यारांची पेटी उचलायची आणि त्या घरी जायचं. कुंपणाचं फाटक कुरकुरतंय म्हणायचं, पंप बघू म्हणायचं. तासभर ठोकाठोक करायची, कॉफी प्यायची, घरी यायचं. सूचनेबद्दल चकार शब्द नाही.

अशा माणसाला 'मी धंदा काढते' कसं सांगायचं? आर्डिसनं सांगितलं नाही. दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणाली आणि काउंटीच्या वाचनालयात नवउद्योजकांच्या वर्गाला जाऊन बसली.

वर्ग घेणारी वकीलबाई लिंकनची, वयानं आर्डिसच्या मुलीएवढी. तिनं फळ्यावर दोन चौकोन काढले. "हा चौकोन तुम्ही. हा तुमची कंपनी. कायद्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. कंपनी बुडाली तर तिचं आहे नाही ते जाईल, तुमचं घर जाणार नाही. मात्र तिचा खिसा आणि तुमचा खिसा एक करायचा नाही. आणि कुणी कितीही गोड बोललं तरी तिच्या कर्जाला आपली हमी द्यायची नाही."

आर्डिस त्या दोन चौकोनांकडे बघतच राहिली. दोघांच्या मध्ये वकीलबाईनं एक जाड रेघ ओढली होती. पंच्याऐंशी साली ही रेघ कुणी काढून का दाखवली नाही, या विचारानं तिला एकदम राग आला. बँकेचा, वकिलांचा, त्या सालचाच. ती आणखी दोनदा दाताच्या डॉक्टरकडे गेली.

"किती दात शिल्लक आहेत गं तुला?" मायलोनं विचारलं.

"तुझ्यापेक्षा जास्त."

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा वकीलबाईनं विचारलं, "कंपनीचं नाव? कोझिशेक बेकरी लिहू?"

"नको!" आर्डिस इतक्या जोरात म्हणाली की वाचनालयाच्या बाईनं मान वर केली. "आलुबुखार आणि खसखस लिहा."

मग राज्याचा कर. मायलो ऐकेल म्हणून आर्डिसनं महसूल खात्याला फोन केला तो दफनभूमीत गाडी उभी करून. तिथं सिग्नलही चांगला येतो आणि ऐकणारे बोलत नाहीत. पलीकडे कुणी तरुण मुलगी होती, फार गोड.

"कोलाच डब्यात घालून घरी न्यायला दिलात, तर साधारणपणे विक्रीकर नाही," ती म्हणाली. "ते घरचं खाणं झालं."

"बरं."

"पण टेबलावर बसवून बशी-काटा दिलात, तर ते तयार जेवण. मग कर लागतो."

"कोलाच तोच?"

"तोच."

"त्याच भट्टीतला?"

"हो बाई."

"मग बशी दिली आणि काटा नाही दिला तर?"

"बशी पण धरतात बाई. कागदी रुमालसुद्धा."

"देवा रे! म्हणजे गिऱ्हाइकानं तोंड पुसलं की राज्याला हिस्सा!"

मुलगी हसायला लागली. हसता हसता तिनं सगळं समजावलं. विक्रीकर हा दुकानदाराचा पैसाच नव्हे, तो गिऱ्हाइकाकडून राज्यासाठी घ्यायचा आणि वेळेवर पोचवायचा. आर्डिसला ते चटकन पटलं. रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतो, म्हणून त्यातलं आपण उचलतो का? तसंच ते. पण पुढचं ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं. मालक एकच असला तर अशी कंपनी मिळकतीचा कर वेगळा भरत नाही. जे काही मिळालं ते मालकाच्या घरच्या विवरणपत्रात जातं.

"तुम्ही आणि तुमचे पती एकत्र भरता ना? मग दोघांच्या सह्या लागतील."

"कधी?"

"एप्रिलमध्ये."

आर्डिसनं बोटांवर मोजलं. सप्टेंबर चालू होता. सात महिने! सात महिन्यांत दुकान चालून दाखवता येईल, मग सहीच्या वेळी मायलो काय बोलणार? तिनं सुटकेचा श्वास सोडला.

"पुस्तिका घरच्या पत्त्यावर पाठवू?" मुलीनं विचारलं.

"घरी नको! 'लिपोव्हा लीडर'च्या कचेरीत पाठवा."

आणि चारच दिवसांत वकीलबाईचं पत्र आलं. नोंदणी झाली, अभिनंदन. आता कायद्याप्रमाणे कंपनी स्थापन झाल्याची सूचना आपल्या भागातल्या वृत्तपत्रात लागोपाठ तीन आठवडे छापून आणावी.

आर्डिस पत्र घेऊन धावतच लव्होनकडे गेली. "दुसऱ्या कुठल्या वृत्तपत्रात नाही का चालणार?"

"आर्डिस, या भागात एकच वृत्तपत्र आहे. ते मी आहे."

"मग असं कर. एक अंक त्या सूचनेशिवाय छाप. मायलोचा."

लव्होननं चष्मा काढला. "साडेचारशे अंकांतला एक?"

"तुला काय जड आहे?"

"काही नाही. फक्त कायदा मोडेल, आणि तुझा नवरा शेतकऱ्यांच्या को-ऑपमधल्या कॉफीच्या टेबलावर दुसऱ्याचा अंक वाचेल. सांगून टाक ना त्याला, भित्री कुठली!"

"माझं नाव तरी येत नाही ना त्यात?"

लव्होननं मजकूर वाचला. कंपनीचं नाव. कचेरीचा पत्ता, म्हणजे न्हाव्याची खोली. आणि कायद्याचे कागद स्वीकारण्यासाठी प्रतिनिधी म्हणून लिंकनच्या त्या वकीलबाईचं नाव. आर्डिसचा कुठंच मागमूस नाही.

"नाही येत," ती म्हणाली. "पण मला हे काही बरोबर दिसत नाही. माझं तोंड बंद, तुझं तू बघ."

पहिल्या गुरुवारी आर्डिस भांडी घासत पाठमोरी उभी राहिली. मागं कागद उलटल्याचा आवाज आला.

"आर्डिस," मायलो म्हणाला. "आलुबुखार आणि खसखस म्हटल्यावर तुला काय सुचतं?"

ती हातातली बशी आणखी जोरात घासायला लागली. "काय सुचणार?"

"कोलाचे. लिंकनची कुणी वकीलबाई आपल्या गावात येऊन कोलाचे विकणार आहे. न्हाव्याच्या दुकानात. चेक लोकांच्या गावात येऊन चेक लोकांना कोलाचे विकणार!" तो हसला, पण लगेच कपाळाला आठ्या घातल्या. "आणि मालकाचं नाव नाही. पत्ता आहे, वकील आहे, नाव नाही. आपलं नाव घालायची लाज वाटणारा माणूस कसला धंदा करणार गं?"

आर्डिस 'हं' म्हणाली.

तिनं जन्म या गावात काढला, तरी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. नाव छापलं तर गाव चार दिवस बोलतं. नाव नाही छापलं तर गाव बोलायचं थांबतच नाही. शुक्रवारी को-ऑपच्या टेबलावर ठरलं की ही ओमाहाची बडी कंपनी आहे. शनिवारी ती शिकागोची झाली. रविवारी प्रार्थनेनंतर पायऱ्यांवर कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं की ते कोलाचे गोठवलेले येणार, ट्रकनं, आणि काळ्या खसखशीच्या जागी नुसता काळा रंग घातलेला असणार.

मंगळवारी चर्चच्या तळघरात महिला मंडळ जमलं. वार्षिक मेळ्याचे कोलाचे करायचे होते, सहा डझन माणसांचं पीठ. बर्निस टेबलाच्या टोकाला उभी, बाह्या कोपरापर्यंत, हातात लाटणं नव्हे तर जणू न्यायदंड.

"आमच्या आज्या ही कृती बोटीतून घेऊन आल्या," ती कडाडली. "बायांनो, चार पिढ्या आपण मर्तिकाला कोलाचे देतो, लग्नाला देतो, फुकट देतो! आणि हा कोण टिकोजी येऊन त्याचा बाजार मांडणार? तोंड दाखवायची हिंमत नाही! आर्डिस, बरोबर की नाही?"

आर्डिस पिठाच्या गोळ्यात अंगठ्यानं खळगा करत होती. "हो ना," ती पुटपुटली.

"मोठ्यानं बोल!"

"हो ना, बर्निस!"

घरी येईपर्यंत ती स्वतःवर इतकी संतापली होती की गाडीचं दार तिनं दोनदा आपटलं. भट्टी शाळेच्या लिलावातून घेऊन झाली होती, लव्होनशी खोलीच्या करारावर सही करायची होती, आणि ज्या गावासाठी भाजायचं तेच गाव दुकान उघडण्याआधीच पाठ फिरवून उभं होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता दुसरा गुरुवार गेला. मायलोनं सूचना पुन्हा वाचली, पेन्सिलीनं खूण केली, आणि म्हणाला, "अजून नाव नाही."

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी दुपारी बर्निस आली ती कागद घेऊनच. आर्डिसनं कॉफी ओतली. बर्निसनं एक जर्दाळूचा कोलाच तोंडात घातला आणि कागद मायलोपुढं सरकवला.

"'लीडर'ला पत्र. गुरुवारी त्या सूचनेच्या शेजारीच छापून आलं पाहिजे. सत्तावीस सह्या झाल्यात. पण वरची जागा तुझ्यासाठी ठेवलीय. तुझ्या शब्दाला गावात मान आहे. तुझ्याखाली आर्डिस."

मायलोनं चष्मा लावला. तो प्रत्येक कागद असाच वाचतो, एकेका शब्दावर बोट ठेवून. "आम्ही खाली सही करणारे लिपोव्हाचे रहिवासी जाहीर करतो, की या निनावी कंपनीकडून आम्ही एकही कोलाच विकत घेणार नाही, आणि कुणाला घेऊ देणार नाही..." त्यानं मान डोलावली. "निनावी हा शब्द बरोबर घातलास."

"मीच सुचवला," बर्निस म्हणाली.

मायलोनं खिशातून पेन काढलं. आर्डिसला एकदम दिसलं की ही सही झाली तर मायलोला ती कधीच परत घेता येणार नाही. हा माणूस सही करून मागं फिरणारा नव्हे. मग दुकान उघडो न उघडो, या टेबलावर दोघांच्या मध्ये तो कागद कायमचा पडून राहील.

"मायलो, सही करू नकोस."

"का?"

"ती कंपनी माझी आहे."

बर्निसचा घास तोंडातच राहिला. "कुठली कंपनी?"

"आलुबुखार आणि खसखस. माझी. सगळीच्या सगळी."

"तू?" बर्निस कशीबशी गिळून ओरडली. "अगं, मी त्या चोराला शिव्या घालत होते, तू माझ्या शेजारी उभी राहून 'हो ना' म्हणत होतीस!"

"दोनदाच म्हणाले."

"आणि त्या खसखशीतला काळा रंग?"

"बर्निस, माझ्या खसखशीत रंग? एवढं आयुष्य माझ्या हातचं खाल्लंस, लाज नाही वाटत विचारायला?"

मायलोनं पेनाचं टोपण लावलं. तो आर्डिसकडे बघत होता. "घर?" एवढंच म्हणाला.

"घराला हात नाही. एका कागदावर घराचं नाव नाही. बँकच नाही मुळी, शाळेचे पैसे मिळाले त्यात भट्टी घेतली. खोलीचा करार कंपनी करणार, मी नाही. बुडाली तर भट्टी जाईल आणि परातीत उरलेलं पीठ." तिनं कॉफीच्या कपांमध्ये टेबलावर बोटानं रेघ ओढली. "ही इकडं कंपनी, हे इकडं आपण. मी तीनदा जाऊन शिकून आले."

"दात?"

"दात ठणठणीत आहेत."

मायलो हसला नाही. "मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाला असतास."

त्यानं विचार केला. "म्हणालो असतो," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही. "ते ठीक. पण नाव? नाव कशाला लपवलंस? दोन आठवडे मी त्या माणसाला भित्रा म्हणतोय, आर्डिस. माझी बायको वकिलाच्या मागं लपणारी आहे हे मला माहीत नव्हतं."

आता मात्र आर्डिसचा बांध फुटला. "लपवलं, कारण ते तुझं नाव आहे! पाच आठवडे मी तुला त्या खुर्चीत बसून तो रकाना वाचताना पाहिलंय. पाचही वेळा तू शेवटच्या शब्दापर्यंत वाचलंस, आणि कुणी दार वाजवतंय का म्हणून दाराकडे बघत बसायचास. तेच नाव त्याच रकान्यात मी पुन्हा छापून आणू? कोलाचांसाठी? माझा हात धजला नाही, मायलो. भित्री म्हण, काय हवं ते म्हण."

बर्निसनं मुकाट्यानं पत्र उचललं, घडी घातली, पर्समध्ये टाकलं. पंच्याऐंशी साली तीही आली नव्हती. डोळे पुसत ती उठली आणि दारात थांबून म्हणाली, "मला सत्तावीस फोन करायचेत." बाई गेली, आणि ते सत्तावीस फोन तिनं असे काही केले की संध्याकाळपर्यंत गावात एकही माणूस असा उरला नाही ज्याला ती कंपनी आर्डिसचीच असणार हे पहिल्यापासून माहीत नव्हतं.

मायलो गॅरेजमध्ये गेला. आर्डिसनं टेबल पुसलं, पुन्हा पुसलं. गॅरेजमधून ठोकाठोकीचा आवाज येईना, म्हणजे नुसताच उभा असणार. तासाभरानं तो आत आला आणि त्यानं साबण लावून हात धुतले.

"ती कराची पुस्तिका कुठाय?"

तिनं पिठाच्या डब्यामागून काढून दिली. तो जेवणापर्यंत वाचत बसला, पेन्सिल हातात. मधेच म्हणाला, "काटा दिला तर कर?"

"हो."

"मग काटे ठेवायचेच नाहीत. काट्यानं कोलाच खाणारा माणूस आपल्या चर्चचा नव्हे, लूथरनच असणार. त्यानं भरावा कर." आणखी दोन पानं झाल्यावर म्हणाला, "दर दोन वर्षांनी राज्याला अहवाल पाठवायचा, विषम सालात. हे तू विसरशील. ते माझ्याकडे." मग पुस्तिका मिटली. "कंपनीचं नाव बदलता येतं का?"

"येतं. दुरुस्तीचा अर्ज करायचा." आर्डिस थांबली. "पण मग ती दुरुस्ती परत छापावी लागते. तीन आठवडे."

"छापू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करून, चर्चचा शर्ट घालून तयार झाला. आर्डिसही कोट घालून मागून निघाली. 'लीडर'च्या कचेरीत लव्होन अंक जुळवत बसली होती. दोघांना एकत्र बघून तिनं आधी आर्डिसकडे पाहिलं, मग मायलोकडे, आणि उठून उभीच राहिली.

"नाव बदलायचंय," मायलो म्हणाला. "कोझिशेक बेकरी, एलएलसी. वकीलबाई अर्ज पाठवतेय. तो मंजूर झाला की छाप."

"कायदा म्हणतो तसं मागं छापीनच रे," लव्होन म्हणाली. "पण चांगली बातमी आहे ही! मी पहिल्या पानावर घेते. तुम्हा दोघांचा फोटो, भट्टीसमोर, मोठ्या अक्षरांत. पैसे नकोत मला."

"नको."

"अरे, मागच्या पानावर ती बारीक अक्षरं वाचतं कोण?"

"मी वाचतो," मायलो म्हणाला. त्यानं टोपी काढून काउंटरवर ठेवली. "तिथंच छाप, लव्होन. त्याच रकान्यात. आणि खाली आम्हा दोघांची नावं घाल, कायद्याला लागोत न लागोत. पती-पत्नी असं लिही."

लव्होननं पेन घेतलं. आर्डिसनं मायलोच्या कोटाची बाही घट्ट धरली आणि लव्होन लिहून होईपर्यंत सोडली नाही.